नोकरी शोधण्याचा खर्च आणि बेरोजगारीचा हिशेब

२०२३ मध्ये महाराष्ट्रात तलाठ्यांची भरती निघाली. जाहिरात ४,६४४ जागांची होती, अर्ज आले दहा लाखांच्या वर. शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीव प्रवर्गाला ९००. साधा गुणाकार केला तरी दिसते की हातात नोकरी नसलेल्या माणसांनी नोकरी मागण्यासाठी नव्वद कोटींहून जास्त रुपये भरले, आणि भरणाऱ्या सव्वादोनशे जणांमागे जागा होती एक. यात क्लास, पुस्तके, नॉन-क्रीमीलेयर आणि डोमिसाइलसाठी तहसील कार्यालयात मारलेल्या चकरा, परीक्षेच्या आदल्या रात्रीची एसटी आणि परक्या गावातला मुक्काम धरलेला नाही. शुल्कावर ओरड झाली तेव्हा सरकारच्या बाजूने उत्तर आले ते असे: शुल्क ठेवले नाही तर गंभीर नसलेले लोकही अर्ज भरतील.

हे उत्तर तपासता येते. पण त्याआधी त्याच्या मागचा मोठा प्रश्न हाताशी घ्यावा लागतो. नोकरी शोधायला जो खर्च येतो, तो बेरोजगारी वाढवतो की कमी करतो? सामान्य समजूत अशी की शोध महाग झाला की लोक कमी शोधतात, कमी शोधले की नोकरी उशिरा मिळते, म्हणून बेरोजगारी वाढते. समजूत चूक नाही, पण अर्धीच आहे. गेल्या साठेक वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नावर जे काम केले ते वाचताना माझे मत असे झाले की शोधाच्या खर्चाचा ठसा बेरोजगारीच्या टक्केवारीवर थोडाच उमटतो. कोणाला कोणती नोकरी मिळते, आणि कोण रांगेतूनच बाहेर पडतो, यावर तो फार खोल उमटतो. टक्केवारीवर डोळा ठेवून बसलेल्या धोरणाला म्हणूनच हा खर्च दिसत नाही.

सुरुवात जॉर्ज स्टिगलरपासून करतात. शिकागोच्या या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये असे मांडले की माहिती फुकट नसते. एकाच वस्तूचे भाव दुकानागणिक वेगळे असतात, कारण सगळी दुकाने पालथी घालणे परवडत नाही. पुढच्याच वर्षी त्याने तोच विचार श्रमाच्या बाजारावर लावला. तोपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांत मजूर आणि मालक एका अदृश्य मैदानात आपोआप भेटत असत. स्टिगलरने त्या भेटीला खर्च असतो हे हिशेबात आणले.

त्यातून पुढचे टोकदार पाऊल जॉन मॅकॉलने १९७० मध्ये टाकले. शोधणारा माणूस मनाशी एक किमान पगार धरतो. त्याखालची नोकरी आली तर नाकारतो, त्यावरची आली तर घेतो. लग्नाची स्थळे पाहणाऱ्या घराचा व्यवहार असाच असतो: आणखी एक स्थळ पाहावे तर कदाचित जास्त चांगले निघेल, पण तोवर वेळ जातो, पैसा जातो आणि आधीचे हातचे सुटते. आता शोध महाग झाला तर काय होईल? मॅकॉलचे गणित सांगते की माणूस आपला किमान पगार खाली आणतो आणि आधी हाती येईल ती नोकरी पत्करतो. म्हणजे शोध महाग झाल्याने बेरोजगारीचा काळ लांबण्याऐवजी आखूडही होऊ शकतो. दुसरीकडे, महाग शोधामुळे माणूस कमी ठिकाणी अर्ज करतो, त्याला कमी बोलावणी येतात आणि काळ लांबतो. दोन्ही ओढी एकाच वेळी चालू असतात. कोणती जिंकेल हे कागदावर ठरत नाही.

पीटर डायमंडने १९७१ मध्ये याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. त्याचे मूळ लेखन वस्तूंच्या किमतीबद्दल होते, पण पगारालाही ते तसेच लागू पडते. शोधाचा खर्च अगदी नगण्य असला, तरी प्रत्येक मालकाला ठाऊक असते की समोरच्याला उठून दुसरीकडे जायला काहीतरी मोजावे लागणार आहे. तेवढ्या फरकाने तो पगार कमी देऊ शकतो. सगळेच मालक असा विचार करतात आणि पगार तळाला जाऊन बसतो, जणू गावात मालक एकच आहे. प्रत्यक्षात बाजार इतका टोकाला जात नाही. पण इशारा मोलाचा आहे: शोधाचा खर्च बेरोजगारालाच छळतो असे नाही, नोकरीत असलेल्याचाही भाव तो पाडतो. ‘आहे ते सोडून जाणार कुठे’ हे वाक्य ज्या कार्यालयात ऐकू येते, तिथे डायमंडचे गणित चालू असते.

डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिदीस यांना २०१० मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच परंपरेतल्या कामासाठी. मॉर्टेन्सन-पिसारिदीस मांडणीत मालकाचाही खर्च धरलेला असतो: जागा रिकामी ठेवण्याचा, जाहिरातीचा, मुलाखतींचा, चुकीचा माणूस घेतला तर होणाऱ्या नुकसानीचा. रिकाम्या जागा आणि रिकामे हात एकाच शहरात शेजारी-शेजारी का नांदतात, याचे उत्तर या मांडणीत मिळते. या दोहोंचे नाते दाखवणाऱ्या रेषेला विल्यम बेव्हरिजचे नाव आहे. ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचा आराखडा लिहिणारा हाच तो बेव्हरिज. त्याने १९०९ मध्ये बेरोजगारीवर पुस्तक लिहिले आणि सुचवले की मजुराने एकेका कारखान्याच्या दारात जाऊन विचारण्यापेक्षा एका ठिकाणी नोंद असावी. १९१० मध्ये ब्रिटनभर सरकारी रोजगार विनिमय केंद्रे उघडली ती त्याच विचाराने.

आपल्याकडे तो विचार युद्धाच्या वाटेने आला. दुसरे महायुद्ध संपताना, १९४५ मध्ये, सैन्यातून परतणाऱ्यांना काम लावून देण्यासाठी केंद्रीय संचालनालय उभे राहिले, १९५६ मध्ये कार्यालयांचा कारभार राज्यांकडे गेला, आणि १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा कळवणे बंधनकारक झाले. कळवणे बंधनकारक, तिथून माणूस घेणे नाही. ही फट कायद्यातच होती. एक काळ असा होता की मॅट्रिक झाला की मुलगा आधी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड काढायचा, मुदत संपली की नूतनीकरणाला रांगेत उभा राहायचा, आणि ‘कॉल’ची वाट पाहायचा. शोधाचा खर्च कमी करण्यासाठी उघडलेल्या कार्यालयाची प्रतीक्षायादी झाली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ एक्स्चेंजने पाठवलेल्या उमेदवारांपुरती भरती मर्यादित ठेवू नये, जाहिरातही द्यावी. निर्णय समन्यायी होता. पण त्यानंतर अर्ज करण्याचे, शुल्क भरण्याचे आणि केंद्रापर्यंत पोचण्याचे ओझे आणखीच उमेदवाराकडे सरकले, हेही नोंदवायला हवे.

आता आकड्यांकडे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये पंधरा वर्षांवरील लोकांतली बेरोजगारी ३.२ टक्के होती. २०१७-१८ मध्ये ती ६.० होती. हे वाचून भारतात नोकरी सहज मिळते असे कोणी म्हणणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्थेच्या २०२४ च्या अहवालात पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के दिली आहे. निरक्षराला नोकऱ्या जास्त मिळतात असा याचा अर्थ होत नाही. त्याला शोधत बसणे परवडत नाही, हा अर्थ होतो. संध्याकाळची चूल पेटवायची असेल तर सकाळी नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम घ्यावे लागते. मॅकॉलच्या भाषेत त्याचा किमान पगार जवळजवळ शून्यावर आलेला असतो. गुन्नर मिर्दालने १९६८ च्या ‘एशियन ड्रामा’त दक्षिण आशियासाठी बेरोजगारी ही पाश्चात्त्य मोजपट्टी गैरलागू ठरवली होती, ती याच कारणाने. आणि जी बाई शोध सोडून ‘घरीच असते’ असे सांगते, ती तर मोजणीच्या बाहेरच जाते. शोध पुरेसा महाग केला तर बेरोजगारीचा दर देखणा दिसू लागतो.

सिद्धांत दोन्ही बाजूंना झुकतो म्हटल्यावर प्रयोगांकडे वळावे लागते. यातले सर्वांत बोलके प्रयोग इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबामध्ये झाले. हे शहर वेगाने पसरले, गरिबांची वस्ती कडेला ढकलली गेली, आणि नोकऱ्यांच्या जाहिराती मात्र शहराच्या मध्यभागी फलकांवर चिकटवल्या जात. फलक वाचायला बसने जायचे, भाडे द्यायचे, परत यायचे. सायमन फ्रँकलिनने कडेला राहणाऱ्या काही तरुणांना चिठ्ठ्या टाकून निवडले आणि भाड्याचे पैसे देऊ केले. ते घेण्यासाठी मध्यभागी यावे लागे. दर आठवड्याला फोन करून तो त्यांची खबर घेई. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत मला महत्त्वाचा वाटतो तो एक तपशील: पैसे न मिळालेल्यांचा शोध आठवड्यागणिक मंदावत गेला आणि भाड्यापुरते कमवायला ते किरकोळ रोजंदारीकडे वळले. पैसे मिळालेले जास्त काळ टिकून शोधत राहिले आणि कायमस्वरूपी नोकरीला लागण्याची त्यांची शक्यता वाढली. बसभाड्याची ती रक्कम मध्यमवर्गीयाच्या लेखी चिल्लर होती.

त्याच शहरात फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी मोठा प्रयोग केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला भाडे, दुसऱ्या गटाला कार्यशाळा: बायोडेटा कसा लिहावा, मुलाखतीत काय बोलावे, आणि शिवाय चाचणी घेऊन तिच्या निकालाचे प्रमाणपत्र. सुरुवातीला दोघांचाही फायदा झाला, औपचारिक नोकऱ्या जास्त मिळाल्या. चार वर्षांनी पाहिले तर भाड्याचा परिणाम विरून गेला होता, कार्यशाळेचा टिकला होता: कमाई जास्त, नोकरी जास्त काळ टिकलेली, समाधानही जास्त. संशोधकांनी शीर्षकातच विचारले होते की अडचण अंतराची आहे की अनोळखीपणाची. मालकापर्यंत पोचणे हा एक खर्च आणि मालकाला आपली पारख करून देणे हा दुसरा, आणि दुसरा जास्त जड. दक्षिण आफ्रिकेत बेरोजगार तरुणांच्या कौशल्याच्या चाचण्या घेऊन दिलेल्या प्रमाणपत्रांनीही नोकरीला लागणाऱ्यांचे प्रमाण वाढवले, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

खर्च कमी केला की सगळे सरळ होते असे मात्र नाही. अभिजीत बॅनर्जी आणि सँड्रा सिकेरा यांनी जोहान्सबर्गमध्ये कडेच्या वस्त्यांतल्या तरुणांना प्रवासाचे पैसे दिले. ते शहरात गेले, शोधले, आणि त्यांना कळले की आपल्याला मिळेल असे वाटणारा पगार आणि बाजारात मिळणारा पगार यांत मोठे अंतर आहे. मग त्यांनी अपेक्षा खाली आणल्या आणि घराजवळ शोधायला लागले. भारतात व्यावसायिक प्रशिक्षण घेतलेल्या तरुणांना मोबाइलवरच्या नोकरी-पोर्टलवर नोंदवून घेतले तेव्हा उलटे झाले: पोर्टलवरून काहीतरी चांगले येईल या आशेने काहींनी हातची कामे नाकारली, आणि काही काळ त्या गटात बिनकामाचे जास्त दिसले. शोध स्वस्त झाला, किमान पगार वर गेला, वाट पाहणे लांबले. मॅकॉलने कागदावर जे मांडले होते ते इथे माणसांत दिसले. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकेत झालेल्या अभ्यासातही, २००४ चा तो लेख, ऑनलाइन शोधणारे लवकर नोकरीला लागल्याचे आढळले नव्हते. दहा वर्षांनंतरच्या आकडेवारीत मात्र फायदा दिसला. तंत्रज्ञान आले आणि प्रश्न सुटला, असे म्हणणाऱ्यांनी मधली दहा वर्षे लक्षात ठेवावीत.

आता तलाठी भरतीच्या शुल्काकडे परत येता येते, कारण ‘गंभीर’ उमेदवार गाळून घेण्याच्या युक्तिवादाची थेट परीक्षा झालेली आहे, तीही आदिस अबाबामध्येच. गिरुम अबेबे, स्तेफानो कारिया आणि एस्तेबान ऑर्टिझ-ऑस्पिना यांनी तिथे एका कारकुनी पदाच्या भरतीत अर्ज करणाऱ्याला शुल्क लावण्याऐवजी उलट थोडे पैसे दिले. शुल्काच्या समर्थकांच्या तर्काने फुकटे गोळा व्हायला हवे होते. प्रत्यक्षात अर्जदारांची गुणवत्ता वाढली. कारण तपासले तेव्हा दिसले की अर्ज करण्याचा खर्च उमेदवारांच्या ऐपतीच्या मानाने बराच जड होता, आणि ज्यांची गुणवत्ता जास्त त्यांनाच तो जास्त जाणवत होता. शुल्काची चाळणी गांभीर्य मोजते हे गृहीतच तिथे टिकले नाही. इथिओपियातला निष्कर्ष जसाच्या तसा नागपूर-नांदेडला लावता येणार नाही हे मान्य. आपल्याकडे सरकारी नोकरीची ओढ इतकी आहे की बापाने व्याजाने पैसे काढूनही मुलगा अर्ज भरतो. पण त्याचाच अर्थ असा की शुल्काने इथे कोणी गाळला जात नाही, फक्त पिळला जातो.

रकमांचा आवाका पाहण्यासारखा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोग नागरी सेवा परीक्षेला १०० रुपये घेतो, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांना तेही माफ. रेल्वेच्या २०१९ च्या एका भरतीत ३५ हजारांच्या आसपास जागांसाठी सव्वा कोटी अर्ज आले. तिथे शुल्क ५०० रुपये होते, पण परीक्षेला हजर राहणाऱ्याला ४०० परत, आणि सवलतीच्या २५० रुपयांच्या गटाला पूर्ण परत. शिवाय अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना परीक्षेला जाण्यासाठी मोफत रेल्वेप्रवास. गंभीर नसलेल्यांना अडवायचे असेल तर गैरहजर राहणाऱ्याचे पैसे ठेवून घेणे हा मार्ग रेल्वेने शोधला आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही रचना निर्दोष म्हणावी अशी आहे, आणि ती एका सरकारी खात्यातूनच आलेली आहे.

आपल्याकडे शोधाच्या खर्चाची चर्चा पैशापाशी थांबते. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास सांगतो की खरा खर्च ओळखीचा असतो. कोकणातून किंवा घाटावरून आलेला माणूस आधी गाववाल्यांच्या खोलीत उतरायचा, खाणावळीत नाव लावायचा, आणि मग गिरणीच्या दारात सकाळी बदली म्हणून उभा राहायचा. आत कोणाला घ्यायचे हे जॉबरच्या हातात, आणि जॉबरची मर्जी दस्तुरीवर. शोधाचा खर्च इथे रोख होता, हप्त्याने होता आणि नोकरी लागल्यानंतरही चालू राहायचा. बदली कामगारांच्या या रोजच्या बाजाराला शिस्त लावण्याचा प्रयत्न म्हणून १९३५ च्या सुमारास गिरणीमालक संघाने नोंदणीची कार्डे आणली, ती अर्थात मालकांच्या सोयीसाठी.

जात आणि गाव यांचे हे जाळे शोधाचा खर्च कमी करते, यात शंका नाही. पण ते माणसाला एका दिशेने ढकलते. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी दादर परिसरातल्या शाळांचा अभ्यास करून २००६ मध्ये जे दाखवले ते मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. नव्वदच्या दशकात इंग्रजीचा बाजारभाव चढला, तरी कामगार जातींतली मुले मराठी माध्यमातच राहत होती, कारण त्यांना कारखान्यात किंवा कामगारवर्गीय नोकरीत लावून देणारे जातीचे जाळे हाताशी होते. त्याच घरांतल्या मुली मात्र वेगाने इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. त्या जाळ्यात मुलींना कधी जागाच नव्हती, त्यामुळे त्यांना मागे ओढणारेही काही नव्हते. स्वस्त शोध हा असा पिंजराही होऊ शकतो.

ज्याच्याकडे जाळे नाही त्याचा खर्च किती, याचा एक अंदाज सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये दिला. त्यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावात. दलित आडनावाच्या अर्जाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू आडनावाच्या मानाने साधारण दोन-तृतीयांश होती. म्हणजे तेवढीच बोलावणी हवी असतील तर दीडपट अर्ज करायचे. दीडपट टपाल, दीडपट वेळ, दीडपट नकार. हा खर्च कुठल्याही शुल्काच्या तक्त्यात छापलेला नसतो.

ऊसतोडीत तर सगळा व्यवहार उलटा दिसतो. बीडच्या कोयत्याला काम शोधावे लागत नाही. मुकादम गावात येतो, हंगामाआधी उचल देतो आणि कारखान्यापर्यंत नेतो. शोधाचा खर्च शून्य. पण उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला राहतो, भाव दुसऱ्याने ठरवलेला असतो, आणि फिटली नाही तर ती पुढच्या हंगामाच्या बोकांडी बसते. डायमंडने म्हटले होते की दुसरीकडे जाणे महाग असेल तर मालक पगार पाडतो. इथे दुसरीकडे जाणेच शक्य ठेवलेले नाही.

बायकांच्या शोधाचे गणित आणखी निराळे. रॉबर्ट जेन्सनने दिल्लीच्या आसपासच्या गावांत तीन वर्षे बीपीओ कंपन्यांसाठी माणसे शोधणारे प्रतिनिधी पाठवले. चिठ्ठ्यांनी निवडलेल्या गावांत ते तरुणींना नोकरीची माहिती आणि मुलाखतीची मदत देत. नवी नोकरी कोणी निर्माण केली नव्हती, फक्त माहिती दारात आणली होती. त्या गावांतल्या तरुणी जास्त प्रमाणात पगारी कामावर गेल्या, लग्न आणि मूल पुढे ढकलले, शिक्षण वाढवले. लाहोरमधल्या एका प्रयोगात फक्त स्त्रियांसाठी असलेली ने-आणीची गाडी देऊ केली तेव्हा नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण दुपटीहून वाढले. मुंबईच्या लोकलचा महिला डबा ही किती मोठी रोजगार योजना आहे याचा हिशेब कोणी मांडत नाही.

आणि मग वाट पाहणे. पुण्याच्या पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहणारा, सकाळी अभ्यासिकेत जागा धरणारा, मेसचा डबा दोन वेळा पुरवणारा विद्यार्थी सर्वेक्षणात बेरोजगार म्हणून दिसतो किंवा विद्यार्थी म्हणून. त्याच्या शोधात सर्वांत महाग वस्तू म्हणजे त्याची वर्षे. जागा कधी निघतील, परीक्षा कधी होईल, निकाल कधी लागेल, प्रकरण कोर्टात गेले तर नियुक्ती कधी होईल, यातले काहीही त्याच्या हातात नसते. तामिळनाडूत २००१ ते २००६ या काळात सरकारने भरती जवळपास गोठवली होती. कुणाल मंगल यांनी त्या काळात पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पुरुषांचे पुढे काय झाले हे तपासले. जागा नाहीत म्हणून तरुण दुसरीकडे वळतील अशी अपेक्षा होती. ते वळले नाहीत, बिनकामाचा काळ वाढला, आणि पुढे अनेक वर्षांनीही त्यांची कमाई मागे राहिलेली दिसली. सरकारी नोकरीच्या शोधाचा हा खर्च परत मिळत नाही: तलाठ्यासाठी पाठ केलेला अभ्यासक्रम चाकणच्या कारखान्यात कोणी विचारत नाही.

हा खर्च उचलण्याचे उपाय कोणते? श्रीमंत देशांत उत्तर आहे बेकारी भत्ता. त्यावर जुनी टीका अशी की भत्ता माणसाला आळशी करतो. राज चेट्टी यांनी २००८ मध्ये अमेरिकेच्या आकडेवारीवरून दाखवले की भत्त्यामुळे शोधाचा काळ लांबतो खरा, पण त्यातला सुमारे ६० टक्के भाग हाती रोकड असल्यामुळे लांबतो. ज्याच्याजवळ शिल्लक नाही तो भत्त्याच्या बळावर जरा थांबून योग्य नोकरी पाहू शकतो, एवढेच. भारतात राज्य कामगार विमा योजनेखाली २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी पगाराच्या काही टक्के. आधी २५ होते, २०२० मध्ये ५० झाले. पण ती मिळते आधी विमाधारक असलेल्यालाच. पहिली नोकरी शोधणाऱ्या तरुणाला, म्हणजे ज्या वयात बेरोजगारी सर्वांत जास्त त्या वयाला, तिचा उपयोग नाही.

शोध स्वस्त केल्याने एकूण नोकऱ्या वाढतात का, हा शेवटचा आणि कडू प्रश्न. एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये शिकलेल्या बेरोजगार तरुणांना नोकरी लावून देण्याच्या सेवेचा फार मोठा प्रयोग केला, निष्कर्ष २०१३ मध्ये आले. ज्यांना मदत मिळाली ते लवकर लागले, पण काही अंशी ज्यांना मदत मिळाली नव्हती त्यांच्या जागी. विशेषतः जिथे नोकऱ्याच कमी होत्या तिथे रांगेतला क्रम बदलला, रांग आखूड झाली नाही. ४,६४४ जागांच्या बाबतीत तर हे उघडच आहे. शुल्क शून्य केले तरी तलाठी तेवढेच होणार. मग शुल्क कमी का करायचे? कारण क्रम कोणाच्या ऐपतीने लागतो, याचा फरक त्या जागेवर बसणाऱ्या माणसात दिसतो. आणि जे बसणार नाहीत त्यांच्या खिशात काय उरते, यातही दिसतो.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीने, १९७७ च्या कायद्याने, शोधाचा भार मजुरावरून काढून सरकारवर टाकला होता: काम मागा, काम देणे आमचे. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात अंतराचाही भाव ठरला. काम गावापासून ५ किलोमीटरच्या पलीकडे असेल तर मजुरी १० टक्के जास्त. पदवीधराच्या बाबतीत मात्र त्याच राज्यात २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत वेगळ्या पदाला वेगळा फॉर्म आणि वेगळे शुल्क होते, आणि २०१९ ची तीच भरती रद्द झाल्यावर आधी भरलेले पैसे परत मागण्यासाठीही अर्ज करावे लागले. राजस्थानने त्याच २०२३ साली एकदाच नोंदणी आणि एकदाच शुल्क अशी पद्धत आणली, आणि परीक्षार्थींना राज्य परिवहनच्या बसमध्ये मोफत प्रवास तर तिथे आधीपासूनच मिळत होता. रेल्वेची परताव्याची रीत त्याआधीपासून चालू आहे.